काठीची दुसरी खूण

मार्लिंग स्टेथ, सफोक
९ ऑक्टोबर १९५०

प्रिय ब्रोज,

हेरिंग मासळीचा डबा पोचला का? आठ आहेत. धुरी तुझ्या भाचीने, एनिडने दिलीय, तेव्हा दोनेक करपले असतील तर तिला बोल, मला नाही. शाळेत तीस पोरं हाताखाली ठेवते, पण चुलीपाशी बाईसाहेबांचं लक्ष खिडकीबाहेर. मामावर गेलीय म्हणावं तर मामाला चूल कशी दिसते तेच ठाऊक नाही.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी गेजबरोबर समुद्राच्या बांधावर गेले होते. बाबांच्या मागे बांधाची राखण त्याच्याकडे आली, पण बाबांची काठी त्याच्याकडे नाही. ती अजून माझ्या दाराआड उभी असते. ती घेऊन गेले. जुन्या मोरीपाशी टेकवली. दाबली नाही ब्रोज, नुसती टेकवली. दुसऱ्या खुणेपर्यंत आत गेली.

त्या तीन खुणा बाबांनी सुरीने पाडल्या तेव्हा आपण दोघं शेजारी उकिडवे बसलो होतो. पहिलीपर्यंत गेली तर लक्ष ठेवा. दुसरीपर्यंत गेली तर आजच्या आज जाऊन सांगा. तिसरीपर्यंत गेली तर सांगत बसू नका, पळा. तू विसरला असशील असं वाटत नाही.

तुमच्या खात्याचा इंजिनियर ऑगस्टात येऊन गेला आणि मान हलवत गेला. दुरुस्त करायच्या बांधांची त्याची यादी आता तुमच्याकडे लंडनला आहे, असं गेज म्हणतो. मंत्री येतात नि जातात, खात्याचा सचिव तू आहेस. तू शाळेत राहावास म्हणून मी तेराव्या वर्षी धक्क्यावर मासळी चिरायला गेले, ते काही मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. एक शब्द टाक.

मोजे पाठवलेत. ते घाल, कपाटात ठेवू नकोस.

तुझी
हेस्टर


लंडन
१३ ऑक्टोबर १९५०

प्रिय हेस्टर,

हेरिंग उत्तम होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वासाबद्दल तक्रार केली, म्हणून त्यांना दोन दिले. तक्रार मागे घेतली गेली.

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या विषयाबद्दल मला थोडं कठोर लिहावं लागणार आहे. ते पत्र तू लिहायला नको होतंस. मी या खात्याचा सचिव आहे आणि माझी बहीण त्या बांधाच्या आडोशाला राहते, या दोन गोष्टी एका वाक्यात येता कामा नयेत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल कुणाला असं काही म्हणता आलेलं नाही. मार्लिंग स्टेथचं काम इतर गावांप्रमाणेच, आपल्या क्रमाने होईल. यापुढे या विषयावर मला लिहू नये, ही विनंती.

काठीच्या खुणा मी विसरलेलो नाही. परंतु खात्याचे निर्णय काठीवर होत नाहीत.

मोजे घातले आहेत.

तुझा
ॲम्ब्रोज


मार्लिंग स्टेथ
३ जानेवारी १९५१

सर ॲम्ब्रोज!

आता तुला पत्रात प्रिय लिहायचं की आधी गुडघे टेकायचे? पाद्रीसाहेबांनी नव्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर राजेसाहेबांच्या मानकऱ्यांची यादी वाचली, तुझं नाव आलं, आणि मॉब्स मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाला, "अरे, हा तर आपल्या फेनिंगचा शेंबड्या!" चर्च हसलं. मग मॉब्सने पबमध्ये तुझ्या नावाने सगळ्यांना बिअर पाजली आणि म्हणाला, पिंप संपलं तर सरांकडे तक्रार करा. तू असतास तर लाल झाला असतास. मी पण झाले, पण मी अभिमानाने.

एनिडने पोरांकडून फळ्यावर तुझं नाव लिहून घेतलं. आता तिचं म्हणणं असं की ईस्टरला ती लंडनला येणार आणि सर मामाने तिला हॅटच्या दुकानात घेऊन जायचं. निळी. मी सांगितलं, त्याला निळं नि हिरवं सारखंच. तर म्हणते, "आई, तो नुसता उभा राहिला तरी पुरे. दुकानदार घाबरून चांगली दाखवेल."

बांधाबद्दल लिहीत नाही, तू बजावलंस. एवढंच लिहिते की मोरीपाशी आता पाणी झिरपतं आणि गेजने तिथे पोती रचलीत.

तुझी
लेडी नसलेली हेस्टर


लंडन
१४ फेब्रुवारी १९५१

प्रिय हेस्टर,

परवा अंत्यसंस्काराच्या वेळी मी मंत्रिमहोदयांच्या ओळीत बसलो, तुझ्या ओळीत नाही, याचं स्पष्टीकरण द्यायला हवं असं मला वाटतं. मी तिथे खात्याचा प्रतिनिधी म्हणून आलो होतो. चौदा शवपेट्यांपैकी एकीपाशी मी वेगळा जाऊन उभा राहिलो असतो, तर बाकीच्या तेरा कुटुंबांना ते कसं दिसलं असतं? मी टोपी काढली तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस. तुला कळलं असेल असं मी समजलो.

आम्ही दुपारच्या गाडीने परतलो. तुझ्याकडे राहणं शक्य नव्हतं; मंत्र्यांबरोबर आलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्याबरोबरच जायचं असतं. गाडीत त्यांनी मला विचारलं, की पहिल्या बाकावरची ती उंच बाई कोण? मी म्हणालो, माझी बहीण. त्यांनी मला आपल्या थर्मासातला चहा दिला.

एनिडबद्दल मला काही लिहिता येत नाही. तीन कागद फाडले.

तुला काही लागलं तर कळव.

तुझा
ॲम्ब्रोज


मार्लिंग स्टेथ
(वरच्या आळीत, मिसेस कॅचपोलच्या घरी)
२५ फेब्रुवारी १९५१

ब्रोज,

लागलं तर कळव म्हणालास. लागतंय.

आधी तुला सांगते काय झालं ते, कारण तू विचारलं नाहीस आणि वर्तमानपत्रात नीट नाही. त्या रविवारी दुपारी साडेतीनला मी चर्चमध्ये पोरांच्या प्रार्थनेला होते. चर्च उंचावर, म्हणून मी वाचले. एनिड घरी वह्या तपासत होती. वारा समुद्रावरून तीन दिवस होताच, भरती उतरायच्या वेळी उतरलीच नाही, आणि मोरीपाशी बांध फुटला. जिथे काठी गेली होती तिथेच, हातभर इकडे नाही की तिकडे. गेज धावत सुटला, घराघराची दारं ठोठावत. एनिड बाहेर पडली, चढावर पोचली. कॅचपोलच्या फाटकापर्यंत आली होती. तिथे तिने विचारलं, "थर्केटल आजी कुठे आहेत?" कुणालाच ठाऊक नव्हतं. ती परत खाली गेली.

तिसऱ्या दिवशी दोघी सापडल्या, शाळेमागच्या चरात. म्हातारी हातातून सुटू नये म्हणून एनिडने कपडे वाळत घालायच्या दोरीने दोघींच्या कमरा बांधल्या होत्या. गाठ मला ओळखू आली. मीच शिकवलेली.

आता ऐक. इंजिनियर परवा गेजकडे आला होता. स्वयंपाकघरात बसला आणि ढसाढसा रडला म्हणे. त्याने सांगितलं, की त्याच्या यादीत नऊ बांध होते आणि मार्लिंग स्टेथ पहिला होता. हिवाळ्याआधी चार बांध होतील एवढं सिमेंट होतं. वरचे चार नाताळच्या आत झाले. एकेका बांधाला पाच आठवडे, दोन-दोन एकदम. पण यादी वरून खाली आली तेव्हा आपण सातवे होतो.

पहिल्याचा सातवा कुणी केला?

ऑक्टोबरात तू म्हणालास, असं विचारणं म्हणजे पक्षपात. आता बांध नाही आणि एनिड नाही. आता विचारण्यात कसला पक्षपात? तुझ्याच इमारतीत कुणीतरी पेन उचललं. मला त्याचं नाव हवंय. दुसरं काही नको.

हेस्टर


लंडन
६ मार्च १९५१

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र मिळालं.

सरकारने चौकशी समिती नेमली आहे, हे तुझ्या वाचनात आलं असेलच. समितीचं काम चालू असताना संबंधित कागदपत्रांबद्दल मी खासगीत काही बोलणं योग्य होणार नाही. सर्वसाधारणपणे एवढंच सांगता येईल, की अशा याद्यांचा क्रम इंजिनियरांच्या शिफारशीखेरीज इतर अनेक बाबींचा साकल्याने विचार करून ठरवला जातो, आणि असा निर्णय सहसा एका व्यक्तीचा नसतो.

तू काही दिवस माझ्याकडे राहायला यावंस असं मला वाटतं. मधली खोली रिकामी आहे. खालच्या बाई जेवणाचं बघतील.

ॲम्ब्रोज

हे पत्र तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. मला दुसरं लिहिता येत नाही.


मार्लिंग स्टेथ
१५ एप्रिल १९५१

ब्रोज,

"साकल्याने विचार" म्हणे! मिसेस कॅचपोलला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हे तुझ्या भावाचं पत्र आहे की नळ दुरुस्तीची नोटीस?

नाव मला मिळालं. तुझ्याकडून नाही, वर्तमानपत्रातून. समितीने लंडनच्या बैठकीत यादी मागवली, आणि नव्या क्रमाच्या कागदावर फक्त एकाच माणसाची आद्याक्षरं निघाली. एच. जे. वॉर्बी. एकतीस वर्षांचा. क्रम का बदलला विचारलं तर म्हणाला, सांगता येत नाही. सांगता येत नाही! चौदा माणसं गेली आणि या पोरट्याला सांगता येत नाही.

मी त्याला खात्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. काय लिहिलं ते विचारू नकोस. एनिडच्या कमरेची दोरी, म्हातारीच्या तोंडातला चिखल, सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की तुला पोरंबाळं असतील तर त्यांना जेवायला बसल्यावर हे वाचून दाखव. टाकल्यावर वाईट वाटलं असेल म्हणतोस? मुळीच नाही.

तू त्याचा साहेब आहेस. ईस्टरला हॅट घ्यायला यायची होती तुझी भाची. या वॉर्बीला इथे, आमच्यासमोर उभा कर. तेवढं तरी कर माझ्यासाठी.

हेस्टर


क्रॉयडन
२२ एप्रिल १९५१

माननीय मिसेस लार्टर यांस,

आपलं पत्र मिळालं. मला दोन मुलं आहेत, धाकटी अजून बोलत नाही. थोरल्याला आपण म्हणालात तसं वाचून दाखवलं नाही, क्षमा करा. बायकोला दाखवलं.

मला स्वतःची बाजू मांडायची नाही. कागद मी तयार केला आणि आद्याक्षरं माझी आहेत. मला तोंडी सूचना मिळाली होती. ती कुणी दिली हे मी समितीला सांगितलं नाही आणि आपल्यालाही सांगणार नाही. तोंडी शब्दाचा धनी उघड करायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. आणि ज्यांनी सांगितलं ते आमच्या खात्यातले सर्वांत सचोटीचे गृहस्थ आहेत. मी त्यांच्याकडूनच काम शिकलो.

एवढंच सांगतो, की त्यामागे कसलाही वाईट हेतू नव्हता. उलटच होतं. मला सांगण्यात आलं, की खात्यातल्या वरच्या कुणाचं तरी जवळचं माणूस त्या गावात राहतं, तेव्हा ते गाव यादीत अव्वल दिसू नये, लोकांनी बोट दाखवायला जागा राहू नये. तेव्हा मला हे फार उमदं वाटलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, की बघ, आमच्याकडे अशी माणसं आहेत.

जूनमध्ये समिती आपल्या गावी बसेल तेव्हा मी येणार आहे. आपल्याला माझ्या तोंडावर काही बोलायचं असेल तर मी ऐकेन.

आपला नम्र,
हेन्री वॉर्बी


मार्लिंग स्टेथ
२५ एप्रिल १९५१

ब्रोज,

सोबत वॉर्बीच्या पत्राची नक्कल आहे. मी लार्टर, तू फेनिंग, त्यामुळे बिचाऱ्याला कळलं नाही तो कुणाला लिहितोय.

वरच्या कुणाचं तरी जवळचं माणूस. गावात चौसष्ट घरं होती. मी एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. मॉब्सचा मेहुणा लोव्हस्टॉफ्टला पोलीस आहे. कॅचपोलचा पुतण्या रेल्वेत. लंडनला कुणी नाही.

हो की नाही, एवढंच लिही. साकल्याने लिहू नकोस.

हे.


लंडन
२९ एप्रिल १९५१

हेस्टर,

हो.

हे पत्र खासगी आहे. मी ते एकदाच लिहू शकेन.

अकरा ऑक्टोबरला यादी माझ्या टेबलावर होती. मार्लिंग स्टेथ पहिलं. मला सहीखेरीज काहीच करायचं नव्हतं. पण त्याच सकाळी तुझं पत्र आलं होतं आणि ते माझ्या कोटाच्या खिशात होतं. पत्र आलं नसतं तर मी सही केली असती. आता मात्र मला दिसत होतं ते असं: सचिवांच्या बहिणीने पत्र लिहिलं, आणि दोन दिवसांत बहिणीचा बांध पहिला मंजूर झाला. कुणी विचारलं तर मी काय सांगणार होतो? की तो आधीच पहिला होता? असं तर प्रत्येकच वशिलेबाज सांगतो.

ज्यात आपला संबंध आहे त्यावर अधिकाऱ्याने लिहू नये अशी रीत आहे. म्हणून मी लिहिलं नाही. वॉर्बीला जिन्यावर थांबवलं आणि सांगितलं. त्याने विचारलं, "कितवा करू, सर?" मी चौथा म्हणालो असतो तरी काम झालं असतं. पण चौथाही मला अगदी सीमेवरचा वाटला. कुणी म्हटलं असतं, काठावर का होईना, बसवलाच. मी म्हणालो, सातवा. त्या दिवशी मी नीट जेवलो, हेस्टर. मला स्वच्छ वाटत होतं.

इंजिनियरने लिहिलं होतं, "मोरीपाशी माती मऊ." त्या इमारतीतल्या दोनशे माणसांत दुसरी खूण म्हणजे काय ते फक्त मला ठाऊक होतं. मी बाबांच्या मागून तो बांध पाचशे वेळा चाललो आहे. आणि ते ज्ञान मला घरून मिळालेलं, म्हणून मी ते धरलं नाही. परक्या गावाबद्दल परक्या माणसाने तसं लिहिलं असतं, तर मी त्याच दिवशी ट्रक पाठवले असते.

वॉर्बी गप्प राहिला हे मला समितीच्या कागदांतून कळलं. मी त्याला बोलावलं नाही. तो रोज जिन्यात भेटतो आणि टोपी काढतो.

ॲम्ब्रोज


मार्लिंग स्टेथ
३ मे १९५१

ब्रोज,

तुझं पत्र चारदा वाचलं. म्हणजे मी लिहिलं नसतं तर. मी तोंड मिटून हेरिंग पाठवले असते, तर एनिड आज शाळेत असती. हेही तू मलाच दिलंस. ठीक आहे, ठेवून घेते. त्याचं काय करायचं ते मी बघेन.

तू थोडा लबाड असतास तर किती बरं झालं असतं! एवढासा. बांध झाला असता, मॉब्सने डोळा मारून म्हटलं असतं, "सरांनी बहिणीची सोय केली हं," मी पण हसले असते, आणि थर्केटल आजी अजून माझ्या कुंपणातल्या ब्लॅकबेरींवर डोळा ठेवून असती. चौसष्ट घरं होती त्या बांधाआड. माझं एकटीचं नव्हतं. तुला त्या चौसष्टांत फक्त तुझं नाव दिसलं.

रागाने लिहीत नाही. राग वॉर्बीला पाठवून संपला, आणि तो त्या पोराच्या वाट्याचा नव्हता.

मंगळवार, बारा जूनला समिती चर्चच्या सभागृहात बसणार आहे. तू ये. उभा राहा आणि जे मला लिहिलंस ते बोल. वॉर्बीची नोकरी जाईल, नावही जाईल, आणि तुझ्या रीतीपायी तो तोंड उघडणार नाही. दहाच्या गाडीला मी स्टेशनवर येईन. त्यानंतर तुझ्याशी काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, पण स्टेशनवर येईन.

हेस्टर


लंडन
२६ मे १९५१

प्रिय हेस्टर,

सेवेतल्या अधिकाऱ्याला मंत्र्यांच्या परवानगीखेरीज साक्ष देता येत नाही. मी सात मेला लेखी परवानगी मागितली आणि सगळं लिहिलं. काही लपवलं नाही.

परवा उत्तर आलं. परवानगी नाही. खात्याने समितीपुढे एकच निवेदन द्यावं, आणि सचिवाने व्यक्तिशः बोलल्याने लोकांच्या मनात नाहक गोंधळ होईल, असा अभिप्राय आहे. वॉर्बीची जवळच्याच एखाद्या कार्यालयात बदली करण्यात येईल, असं मला सांगितलं गेलं. त्याच्या बढतीचा विषय पुन्हा निघणार नाही. मी सप्टेंबरात निवृत्त होतोच आहे.

राजीनामा देऊन येता आलं असतं. त्यावर मी दोन दिवस विचार केला. पण एक गोष्ट तुला लिहायलाच हवी: नकाराचा कागद वाचला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी सुटल्यासारखंच.

बारा तारखेला स्टेशनवर येऊ नकोस.

माझं २९ एप्रिलचं पत्र खासगी होतं. कृपा करून जाळून टाक.

ॲम्ब्रोज


मार्लिंग स्टेथ
१४ जून १९५१

ब्रोज,

तरीही मी दहाच्या गाडीला गेले होते. वॉर्बी उतरला. एकटाच, बारका, हॅट जरा मोठी. मी ओळख सांगितली. तुझी बहीण आहे हे सांगितलं नाही, नुसतं मिसेस लार्टर म्हणाले. तो चढावर माझ्या बाजूने चालला आणि एनिड कुठे राहायची ते विचारलं. मी दाखवलं. तिथे आता नुसती पायरी आहे.

सभागृहात खात्याचं निवेदन वाचलं. मग अध्यक्षांनी विचारलं, गावातल्या कुणाला काही सांगायचंय का? मी उठले आणि पर्समधून पत्रं काढली. सगळी. माझ्या नकला आणि तुझी. जाळायला चूल तरी कुठे राहिलीय माझी?

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ही पत्रं कुणाची?" मी म्हटलं, माझ्या भावाची, सर ॲम्ब्रोज फेनिंग यांची. सगळं सभागृह वळलं. ते म्हणाले, "वाचायला त्यांची परवानगी आहे?" मी म्हटलं, नाही साहेब, मागितली असती तर ती आपल्या क्रमाने आली असती. कुणी हसलं नाही.

मी काठीच्या पत्रापासून सुरुवात केली, माझ्याच. ते लपवलं नाही. मग तुझं तेरा ऑक्टोबरचं. मग शेवटी एकोणतीस एप्रिलचं, "हो" पासून "टोपी काढतो" पर्यंत. एकदाच थांबले, सातव्यापाशी. तिथे गेजने पाणी आणून दिलं. वॉर्बी मागच्या बाकावर हॅट मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने चेहरा हॅटमध्ये घातलेला होता आणि खांदे हलत होते. बाहेर पडल्यावर माझ्यापाशी आला आणि काय म्हणाला असेल? "त्यांचं आता काय होईल?" अजून तुझीच काळजी. चांगला शिकवलायस तू त्याला.

आज सगळ्या वर्तमानपत्रांत आलंय. तुझ्या फाटकापाशी लोक जमले असतील. तुला वाटेल मी सूड घेतला. एखादे वेळी घेतलाही असेन. पण त्या पोराची धाकटी अजून बोलत नाही, तिच्या बापाचं नाव पुसलं जाताना मी गप्प बसू शकले नसते. कुणीतरी उभं राहायचं होतं, तू आला नाहीस.

तू इथे आलास तर दार उघडेन की नाही, ते खरंच सांगता येत नाही. मोजे मात्र पाठवणार नाही.

एक राहिलं. चर्चच्या भिंतीत दगड बसवतायत, चौदा नावांचा. पाथरवटाने क्रम विचारला. पाद्रीसाहेब म्हणाले, आद्याक्षरांच्या क्रमाने घालू, म्हणजे कुणाला काही वाटणार नाही. मॉब्स म्हणाला, थर्केटल आजी सगळ्यांत मोठी, तिला पहिली घाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, एनिड पहिली. ती परत खाली गेली म्हणून नाही. माझी आहे म्हणून.

पाद्रीसाहेबांनी विचारलं, बाकीच्यांना काय सांगू? मी म्हटलं, हेच सांगा.

काल कोरून झालं. पहिलं आहे.

हेस्टर